घड्याळाची दोन टोके

यंदाच्या अंकाचा विषय 'वेग' असल्याचे संपादकांनी कळविले आणि मी उलट टपाली 'बीड जिल्ह्यात जाऊन येतो' असे लिहून पाठविले, तेव्हा त्यांना ती बहुधा थट्टा वाटली असावी. कारण ज्या जिल्ह्याच्या रेल्वेमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि ज्याच्या मुख्य ठिकाणी पहिली प्रवासी गाडी पोहोचण्यासाठी २०२५ सालचा १७ सप्टेंबर उजाडावा लागला, त्या जिल्ह्याची आणि वेगाची सांगड घालणे हे कोणालाही धाडसाचेच वाटेल. परंतु आष्टी तालुक्यातील मौजे मांडवा हे अविनाश साबळे याचे गाव आहे, आणि तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत आठ मिनिटे दहा सेकंदांच्या आत धावलेला एकमेव भारतीय ज्या मातीत वाढला, ती माती पाहून यावी एवढाच माझा साधा हेतू होता. मुक्काम आष्टीला बहिणीकडे होता. वेगाविषयी जे काही शिकायला मिळाले ते मांडव्याच्या रस्त्यावर जेवढे मिळाले तेवढेच, किंबहुना काकणभर अधिकच, तिच्या माजघरात मिळाले, आणि म्हणून या लेखाचा आरंभही तेथूनच करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

माजघरातील शर्यत

माझा भाचा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या वडिलांनी नव्वदच्या दशकात नगरच्या बाजारातून आणलेला टीव्हीचा व्हिडिओ गेम त्याने माळ्यावरून काढून, तारा डाग देऊन जोडून, पुन्हा चालता केला होता. पाठीवर '९९९९ इन १' असे छापलेली ती पिवळी कॅसेट ज्यांच्या घरी होती त्यांना ठाऊक असेल की त्या नऊ हजारांत खरे खेळ पंधरा-वीसच असत आणि बाकीची सारी नावांची पुनरावृत्ती. पण त्या पंधरा-वीसांत कोनामी कंपनीचा 'रोड फायटर' आणि निन्टेन्डोचा 'एक्साइटबाइक' हे दोन शर्यतीचे खेळ बहुतेक हमखास असत. पहिल्यात खालून वर सरकणाऱ्या रस्त्यावर इतर गाड्या चुकवीत, टाकीतील इंधन संपण्यापूर्वी मुक्काम गाठायचा. वाटेत एक रंगीबेरंगी गाडी येते, तिला स्पर्श झाला की थोडे इंधन मिळते. दुसऱ्यात मोटारसायकल, तिचा वेग वाढविणारे बटण फार वेळ दाबून धरले तर इंजिन तापते आणि स्वार रस्त्याच्या कडेला हताश बसून राहतो.

खेळ पुरा करणे हा त्याच्या दृष्टीने आता प्रश्नच उरलेला नाही. तो किती कमी वेळात पुरा होतो एवढाच प्रश्न आहे. या उद्योगाला जगभर 'स्पीडरन' म्हणतात, त्याच्या क्रमवाऱ्या लागतात, चित्रफिती तपासल्या जातात, आणि २०१० पासून अमेरिकेत अशा धावांचे जाहीर सोहळे होऊन त्यांतून सेवाकार्यासाठी देणग्याही गोळा केल्या जातात, ही माहिती त्याने मला चहाच्या एका कपात दिली आणि लगेच कामाला लावले. "मामा, तुम्ही घड्याळ धरा."

मी माझ्या मोबाईलवरचे घड्याळ धरले, त्याच्या धाकट्या बहिणीने तिच्या, आणि शेजारचे आप्पा, जे वर्तमानपत्र परत करायला आले होते, त्यांनी आपल्या. 'रोड फायटर'चा पहिला टप्पा संपला तेव्हा तीन घड्याळांनी तीन निकाल दिले, आणि सर्वांत कमी व सर्वांत अधिक यांत जवळजवळ दीड सेकंदाचे अंतर होते. मी पडद्यावर रस्ता दिसताच घड्याळ सुरू केले होते. भाचीने गाडी हलल्यावर. आणि आप्पांनी प्रामाणिकपणे सांगितले की भाच्याने "चला" म्हटले तेव्हा. शेवटाचीही तीच कथा होती: एकाने रेषा ओलांडताना, दुसऱ्याने गाडी थांबताना आणि तिसऱ्याने संगीत वाजू लागल्यावर. तिन्ही घड्याळे बिनचूक होती. आम्ही तिघे मात्र तीन निरनिराळ्या शर्यती मोजत होतो.

आरंभ कोठे, अंत कोठे

स्पीडरनच्या क्षेत्रात हा प्रश्न इतका जुना आणि इतका चघळलेला आहे की प्रत्येक खेळाच्या नियमावलीचे पहिले कलम बहुधा याच विषयावर असते. वेळ मोजण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खेळाच्या पोटातलेच घड्याळ प्रमाण मानणे; 'एक्साइटबाइक'सारख्या खेळात ते पडद्याच्या खालच्या बाजूला चालताना दिसते आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही. दुसरा म्हणजे बाहेरचे, तुमच्या-आमच्या भिंतीवरचे घड्याळ प्रमाण मानणे. 'रोड फायटर'मध्ये इंधन मोजले जाते, वेळ मोजला जात नाही, म्हणून तेथे याला पर्याय नाही. पहिल्या मार्गात खेळाडू मध्ये यादी उघडून पाच मिनिटे विचार करीत बसला आणि खेळातले घड्याळ त्या अवधीत थांबलेले राहिले, तर त्याला ती विश्रांती फुकट मिळते. दुसऱ्यात दाराची घंटा वाजली तरी घड्याळ थांबत नाही. आष्टीत याला आणखी एक कलम जोडावे लागते, ते म्हणजे वीज गेली तर काय. पण भाच्याच्या मते त्यात वादाला जागा नाही, वीज गेली की धाव गेली.

नव्या यंत्रांनी यात आणखी एक गुंता आणला. आधुनिक शर्यतीच्या खेळांत दोन टप्प्यांच्या मध्ये यंत्र पुढचा रस्ता साठवणीतून उचलून आणते आणि तेवढा वेळ खेळाडू हात जोडून बसतो. ज्याच्या यंत्रात जुनी फिरती चकती आहे तो अधिक वेळ बसतो, ज्याने नवी महाग साठवण बसविली तो कमी. म्हणजे कौशल्य समान असताना निकाल पैशाने बदलतो. म्हणून पुष्कळ खेळांत हा प्रतीक्षेचा काळ एकूण वेळेतून वजा करण्याचा शिरस्ता पडला. ही वजावट अंदाजपंचे होत नाही. चित्रफीत संगणकावर एकेक चित्र पुढे सरकवून पाहिली जाते, पहिल्या आणि शेवटच्या चित्राचे क्रमांक नोंदले जातात आणि मधल्या चित्रांच्या संख्येवरून वेळ काढला जातो. सेकंदाला साठ चित्रे धरली तर एक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा हिस्सा. आणि माणसाच्या डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबायला सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज लागतो, म्हणजे माझ्या हातातल्या घड्याळाची एकेक चूक बारा चित्रांची. मैदानी शर्यतींचा कारभार पाहणाऱ्यांना हे फार पूर्वीच कळले होते; हातघड्याळाने मोजलेल्या शंभर मीटरांच्या वेळेची विद्युत घड्याळाच्या वेळेशी तुलना करताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळविण्याचा संकेत त्यातूनच आला.

पन्नास आणि साठ

भाच्याने मग मला एक अशी गोष्ट सांगितली की जिची मी कधी कल्पनाही केली नव्हती. अमेरिका आणि जपान येथील दूरचित्रवाणीचा पडदा सेकंदाला जवळजवळ साठ वेळा रंगविला जाई, तर युरोपात आणि आपल्याकडे पन्नास वेळा. याचे मूळ त्या-त्या प्रदेशातील विजेच्या प्रवाहाच्या आंदोलनांत आहे, म्हणजे आपल्या महावितरणच्या तारेतून जो पन्नासाचा ठेका येतो तोच एके काळी पडद्यालाही लागू होता. जुने खेळ चित्रे मोजून चालत. प्रत्येक चित्रागणिक गाडी इतके ठिपके पुढे, असा त्यांचा हिशेब. आणि तो हिशेब न बदलता खेळ पन्नासाच्या यंत्रावर आणला की सारे विश्वच एक षष्ठांशाने मंद होई. साठाच्या यंत्रावर एका मिनिटाची असलेली शर्यत म्हणजे ३,६०० चित्रे. तीच पन्नासाच्या यंत्रावर ७२ सेकंद घेणार.

यातली खरी गंमत पुढे आहे. खेळातले घड्याळही त्याच चित्रांवर चालत असेल तर तेसुद्धा तितकेच मंद चालते आणि बहात्तर सेकंदांच्या शर्यतीला निःशंकपणे एक मिनिट म्हणते. स्वतःच्या मंदपणाची कबुली देण्याची सोय त्याच्यात नाही. तेव्हा बाहेरचे घड्याळ लावले तर पन्नासवाल्यावर अन्याय, कारण तो कितीही निष्णात असला तरी बारा सेकंद मागे. आणि आतले घड्याळ लावले तर साठवाल्यावर अन्याय, कारण पन्नासवाल्याला तेच वळण घेण्यासाठी विचाराला अधिक अवधी मिळतो. यावर अचूक तोड नाही. आहे ती केवळ तडजोड, आणि ती एकाच वाक्यात सांगता येते: दोघांना एका पंक्तीत बसवू नका, किंवा बसवायचेच तर कोणत्या हिशेबाने बसविले ते आधी लिहून ठेवा.

आदत, दुसा आणि एनी-पर्सेंट

पंक्ती वेगळी करण्याच्या या व्यवहाराला 'कॅटेगरी' म्हणतात, आणि ती मला समजावून देताना भाचा अडखळत असता आप्पांनी मध्येच विचारले, "म्हंजी आदत येगळा अन् दुसा येगळा, तसंच ना?"

आप्पांचे अर्धे आयुष्य बैलांत गेले आहे. बैलांच्या शर्यतीत जनावराचे वय दातांवरून पाहतात: ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, आणि आदतांची शर्यत आदतांत लावावी, जुळलेल्या बैलापुढे कोवळे वासरू उभे करून मिळविलेला विजय हा विजय नव्हे, ही समज कोणत्याही नियमावलीपेक्षा जुनी आहे. प्रवेश देण्यापूर्वी पंच बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. भाच्याच्या जगात चित्रफीत तपासणारा जे करतो ते याहून फारसे निराळे नाही.

त्याच्या प्रतवारीतले दात कोणते, तर एक 'एनी-पर्सेंट', म्हणजे कोणत्याही मार्गाने शेवट गाठा. दुसरी 'हंड्रेड-पर्सेंट', म्हणजे खेळातले सारे काही पुरे करून शेवट गाठा. तिसरी 'ग्लिचलेस', म्हणजे खेळ रचणाऱ्यांच्या हातून राहिलेल्या प्रमादांचा लाभ न घेता. निन्टेन्डोच्या १९९६ सालच्या 'मारिओ कार्ट ६४' मध्ये वारिओ स्टेडियम नावाचा एक रस्ता आहे. तेथे योग्य कोनात उडी मारली तर गाडी भिंतीपलीकडे पडते आणि फेरीचा मोठा भाग वगळला जातो. ही लबाडी म्हणावी की विद्या? ज्यांनी ती उडी साधण्यासाठी महिनोन्‌महिने घालविले त्यांना ती विद्या वाटते, आणि ज्यांना वळणे सुबक घेण्यात आनंद आहे त्यांना ती शर्यतीची हत्या वाटते. तेथे फैसला असा झाला की दोन्ही पक्षांनी आपापल्या स्वतंत्र नोंदवह्या ठेवाव्यात. एकीत वगळवाटा मान्य, दुसरीत अमान्य. संगणकाला बटणे दाबायला लावून, एकेक चित्र थांबवून रचलेल्या निर्दोष धावांचीही एक पंक्ती आहे; पण ती प्रदर्शनाची, माणसांच्या पंक्तीत तिला पान नाही.

आप्पांनी यावर आणखी एक भेद सांगितला आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटला. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत घाटावर एकेक बारी सुटते आणि घड्याळाशी धावते. ज्याचे सेकंद सर्वांत कमी तो घाटाचा राजा. विदर्भातल्या शंकरपटातही जोडी घड्याळाशीच स्पर्धा करते. पण सातारा-सांगलीकडे गाड्या गटागटाने सुटतात, गटातला पहिला उपान्त्य फेरीत जातो, तेथला अंतिम फेरीत. तेथे सेकंद कोणी विचारीत नाही, पुढे कोण होता एवढेच विचारतात. एका पद्धतीत न्याय घड्याळ करते, दुसरीत शेजारी धावणारा करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त मोकळ्या केल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला; त्या साऱ्या काळात आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे गावोगाव वाद मात्र एकाच गोष्टीवर होत राहिला, तो म्हणजे घड्याळ कोणाच्या हातात.

सहा शतांशांचा खटला

घड्याळ कोणाच्या हातात, या प्रश्नाचे कन्सोलवरील शर्यतींतले सर्वांत गाजलेले प्रकरण 'ड्रॅगस्टर' या खेळाचे आहे. डेव्हिड क्रेन यांनी अटारी यंत्रासाठी रचलेला, ॲक्टिव्हिजन कंपनीने १९८० साली काढलेला हा खेळ केवळ सहा-सात सेकंदांचा आहे: क्लच, गिअर, आणि सरळ रेषेत सुसाट. १९८२ साली टॉड रॉजर्स या अमेरिकन खेळाडूच्या नावे ५.५१ सेकंदांची नोंद झाली आणि ती पस्तीस वर्षे अबाधित राहिली. इतरांना ५.५७ च्या खाली काही केल्या जाता येईना. पुढे एरिक कोझिएल या अभ्यासकाने खेळाची मूळ आज्ञावलीच उलगडली, गिअर टाकण्याच्या शक्यता संगणकाकरवी पडताळल्या, आणि निष्कर्ष काढला की ५.५७ हीच त्या खेळाची भूमी आहे, तिच्याखाली तळघर नाही. आपण दुसऱ्या गिअरमध्ये आरंभ केला होता ही रॉजर्स यांची कैफियत त्या पडताळणीत टिकली नाही. जानेवारी २०१८ मध्ये 'ट्विन गॅलॅक्सीज' या नोंद ठेवणाऱ्या संस्थेने ती नोंद रद्द केली आणि गिनेसनेही त्यांचे नाव काढले.

हा खटला ऐकताना आप्पा हसले नाहीत, आणि त्याचे कारण मला बीड जिल्ह्यातच समजण्यासारखे होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांची मजुरी टनावर ठरते आणि टन ठरतो वजनकाट्यावर. 'काटा मारणे' हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, तिच्या बोलणाऱ्यांना आकडा आणि सत्य यांतले अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ५.५१ हा आकडा पस्तीस वर्षे छापील होता. त्याचा पंचनामा मात्र कोणी केलेला नव्हता.

मांडव्याचा रस्ता

दुसऱ्या दिवशी मी मांडव्याला गेलो. बालाघाटाच्या उतरणीवरचा उघडा प्रदेश, ज्वारी-बाजरीची राने, आणि ज्या अंतरासाठी अविनाश लहानपणी रोज पायपीट करीत असे ते घर ते शाळा असे सहा किलोमीटर. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमधून सियाचिनला राहिला, आणि २०१८ साली भुवनेश्वर येथे ८:२९.८० अशी वेळ देऊन त्याने गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, ही हकीगत सर्वश्रुत आहे. मला मात्र भाच्याच्या माजघरातून आल्यावर त्या कारकिर्दीत निराळेच काही दिसू लागले.

अडथळ्यांची ही शर्यत स्वतःच मोजमापाच्या प्रश्नातून घडली आहे. २८ आडवे लाकडी अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, ही प्रमाणबद्धता पन्नासच्या दशकात येईपर्यंत प्रत्येक मैदानाची रचना वेगळी होती, आणि म्हणून १९५४ पूर्वी या शर्यतीचा अधिकृत जागतिक विक्रमच मानला जात नसे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर फेऱ्या मोजणाऱ्याच्या चुकीने धावपटू एक फेरी अधिक धावले. तीन हजार मीटर पुरे झाले तेव्हा दुसरा असलेला अमेरिकेचा जो मॅक्क्लस्की त्या जादा फेरीत तिसरा झाला. पुन्हा शर्यत घेण्याची तयारी दाखविली गेली असता त्याने ती नाकारली.

साबळेच्या वाट्याला या नियमांची दोन्ही तोंडे आली. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्याच्या अडथळ्यामुळे तो मागे पडला, भारतीय संघाने हरकत नोंदविली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेण्यात आले. तेथे त्याने ८:२१.३७ असा नवा राष्ट्रीय विक्रम केला. दोन वर्षांनी टोकियोत त्याने ८:१८.१२ अशी तोवरची आपली सर्वोत्तम वेळ दिली, पण आपल्या वेगवान तुकडीत तो सातवा आला आणि बाहेर पडला. तिसऱ्या तुकडीतून क्रमांकाच्या बळावर पुढे गेलेल्यांनी मात्र त्याच्याहून अधिक वेळ घेतला होता. घड्याळाच्या न्यायाने तो आत असता. गटाच्या न्यायाने तो बाहेर राहिला. पुढे नियम बदलले, प्रत्येक तुकडीतील पहिले पाच एवढाच निकष राहिला. त्या निकषाने २०२३ साली बुडापेस्टला तो पुन्हा सातवा येऊन बाहेर पडला, आणि त्याच निकषाने २०२४ साली पॅरिसला पाचवा येऊन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेला. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच्या ८:११.२० ला रौप्य मिळाले आणि केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या ८:११.१५ ला सुवर्ण. ते अंतर भाच्याच्या भाषेत तीन चित्रांचे आहे. शिवाय धावण्याच्या नियमानुसार शर्यत संपते ती धड रेषेला पोहोचल्यावर; डोके, हात, पाय यांची त्या कामी गणना नाही. ही व्याख्या शर्यतीपूर्वी लिहिलेली होती, म्हणूनच त्या तीन चित्रांवर कोणी पंचायत बसविली नाही.

वहीतली नोंद

आष्टीला परतलो तेव्हा माजघरात नियमावली तयार होत होती. शंभरपानी वहीच्या मागच्या पानावर भाच्याने लिहिले होते: गाडी हलली ते पहिले चित्र म्हणजे आरंभ, गाडीने रेषेला स्पर्श केला ते पहिले चित्र म्हणजे अंत, यंत्र नक्कल जातीचे आणि पडदा पन्नासाचा, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहावे, चित्रफीत आरंभापूर्वीपासून अंतानंतरपर्यंत सलग असावी, नसल्यास नोंद अमान्य. आप्पांनी "सलग"च्या खाली रेघ मारायला लावली.

त्यानंतर त्याला आठवण झाली की त्याची आजवरची सर्वोत्तम धाव, जिच्याविषयी तो मला आल्यापासून तीन वेळा सांगून चुकला होता, ती चित्रित करताना मोबाईल दोन सेकंद उशिरा सुरू झाला होता. फितीत गाडी धावतानाच दिसते. हलताना दिसत नाही. भाची म्हणाली, "दादा, तू केलंस ते आम्ही पाहिलंय की." मीही काहीसे तसेच म्हणालो, आपल्या घरात, आपल्या वहीत, आपणच केलेल्या नियमाला एवढे कोण विचारतो?

तो थोडा वेळ पेन्सिल चावीत बसला. मग त्याने पहिल्या ओळीत आपली दुसऱ्या क्रमांकाची वेळ लिहिली, पुढे 'नक्कल यंत्र, ५०' असे नमूद केले, आणि वही सहीसाठी आप्पांपुढे सरकविली. आप्पांनी चष्मा लावला, फीत आरंभापासून एकदा पाहिली, आणि मगच सही केली.